जगभरची बालवाडी समजून घ्यायची तर: नव्याने सुरुवात करणाऱ्या ताईंसाठी

बालवाडीत कामाला लागलेली नवी ताई साधारण तिसऱ्या आठवड्यात मला फोन दाखवते. त्यात पंचवीस-तीस व्हिडिओ साठवलेले असतात. फिनलंडमधली बर्फात लोळणारी मुलं, जपानमधली आपलं जेवण आपणच वाढून घेणारी मुलं, लाकडी ट्रेमध्ये रंगीत तांदूळ ओतणारी कुठलीशी चिमुरडी. "ताई, आपल्याकडे असं का नाही?" हा पहिला प्रश्न. "हे सगळं नीट शिकायचं तर सुरुवात कुठून करू?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं उत्तर मी बरीच वर्षं तुकड्यातुकड्यांत देत आले, ते आता एकदा सलग लिहून काढते.

मी कोकणात एक लहानशी बालवाडी चालवते आणि आसपासच्या गावांतल्या ताईंची शिबिरं घेते. परदेशातली एकही बालवाडी मी आतून पाहिलेली नाही. जे कळलं ते वाचून, बघून आणि ज्यांची मुलं तिकडे वाढतायत त्यांना छळून छळून. तेव्हा पासपोर्ट नाही म्हणून अडू नका.

आधी रंगीत तांदळाची गोष्ट

मीही एकदा व्हिडिओ बघून भुलले होते. दोन किलो तांदूळ आणले, खायचा रंग आणि थोडं व्हिनेगर चोळून वाळवले, पराती मांडल्या, वाट्या आणि चमचे ठेवले. मुलं खूश. अकराच्या सुमाराला एक आजी नातीला न्यायला आली आणि दारातच थबकली. परातीकडे बघितलं, जमिनीवर सांडलेल्या निळ्या-गुलाबी दाण्यांकडे बघितलं, खाली बसली आणि पदरात दाणे वेचायला लागली. मला एक शब्द बोलली नाही. नातीला मात्र म्हणाली, "अन्नाशी खेळायचं नसतं गो."

मी मनात आधी जरा चिडलेच. मग लाज वाटली. ज्या घरात भात लावायला चिखलात उभं राहावं लागतं, त्या घरातल्या मुलीला मी तांदूळ ओतून टाकायला शिकवत होते. दुसऱ्या दिवशी पराती त्याच, पण आत नदीची चाळलेली वाळू, आणि दुसरीत चिंचोके. ओतणं, मापणं, बोटांची पकड, सगळं तेच साधलं. (चिंचोके, सागरगोटे तीन वर्षांच्या वरच्यांनाच, त्याखालची मुलं नाकात घालतात. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी नकोत, विषारी असतात.)

त्या दिवसापासून मी परदेशी काहीही बघितलं की एकच विचारते: ही गोष्ट तिथे कुठल्या अडचणीतून निघाली? उत्तर मिळालं तर पुढे वाचते, नाही मिळालं तर व्हिडिओ तिथेच बंद करते. खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती फिरतात.

पायरी १: एक तास आपल्याच अंगणवाडीत बसा

जग बघायच्या आधी डोळा तयार करावा लागतो. जवळच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत जा, सेविकेची परवानगी घ्या, कोपऱ्यात बसा. एकच मूल निवडा आणि वीस मिनिटं त्याच्याकडेच बघा. वहीत फक्त दिसलेलं लिहायचं, मत लिहायचं नाही. "हट्टी आहे" हे दिसत नाही. दिसतं ते असं:

१०.१० पाण्याच्या टबाजवळ. डाव्या हातात करवंटी. भरते, ओतते, सांडतं. सांडलेल्याकडे बघते.
१०.१३ करवंटीच्या डोळ्यात बोट घालते. बोट काढते. पाण्याची धार. पुन्हा बोट.
१०.१६ मुलगा येतो, "दे". मान हलवते, देत नाही. तो उभाच.
१०.१७ बोट काढून धार त्याच्या हातावर सोडते. दोघं हसतात.

ही माझ्याच वहीतली नोंद आहे. सात मिनिटांत त्या पोरीने भोक, दाब आणि मैत्री असं सगळं हाताळलं, आणि तेवढ्या वेळात मी फळ्यावर 'अ' काढत असते तर मला यातलं काहीच दिसलं नसतं. अशा पाच नोंदी होईपर्यंत दुसऱ्या पायरीवर जाऊ नका. कंटाळा येईल. येऊ दे.

पायरी २: शब्दांची वही करा

नवी माणसं सगळ्यात जास्त गोंधळतात ती शब्दांत. अमेरिकेत किंडरगार्टन म्हणजे पाचव्या वर्षी, बहुतेक ठिकाणी शाळेच्याच इमारतीत भरणारं एक वर्ष. जर्मनीत त्याच शब्दाचा अर्थ तीन ते सहा अशी सगळी वर्षं. आपल्याकडे ज्युनिअर केजी, सीनिअर केजी म्हणजे अजून तिसरंच काही. त्यामुळे "किंडरगार्टनमध्ये मुलं वाचतात" हे वाक्य ऐकलं की आधी विचारायचं: कुठल्या देशात, किती वर्षांची?

त्या जर्मन शब्दाचा अर्थ मुलांची बाग. नॉर्वेतला 'बार्नेहागे'ही तोच. आमच्याकडे नारळी-पोफळीच्या बागेला वाडी म्हणतात, त्यामुळे मला 'बालवाडी' हा शब्द त्या दोघांचा सख्खा भाऊ वाटतो.

वहीत प्रत्येक देशाला एक पान द्या. मुलं कुठल्या वयाची, दिवसाचे किती तास, एका मोठ्या माणसामागे मुलं किती, पैसे कोण भरतं, भाषा कुठली, एवढं लिहा. आणि एक गोष्ट लोक विसरतात ती जरूर लिहा: सरकारचं खातं कुठलं?

खात्यावरून फार कळतं. जपानमध्ये 'योचिएन' शिक्षण खात्याकडे. तिथला ठरलेला वेळ दिवसाला चार तासांचा. 'होइकुएन' मात्र नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी, दिवसभराचं, आणि ते कित्येक दशकं कल्याण खात्याकडे होतं. एप्रिल २०२३पासून मुलं आणि कुटुंबांसाठीच्या वेगळ्या सरकारी संस्थेकडे गेलं. दोन्ही एकत्र चालवणारी तिसरी जातही २००६पासून आहे. फिनलंडने २०१३ साली लहान मुलांचं सगळं काम समाजकल्याणाकडून उचलून शिक्षण खात्यात नेलं. फ्रान्समध्ये 'एकोल मातेर्नेल' ही पहिल्यापासून शाळाच मानतात, आणि २०१९पासून तिसऱ्या वर्षी ती सक्तीची झाली.

आता आपल्याकडे बघा. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते ८ वर्षांचा जो पायाभूत टप्पा आला, तो शिक्षण खात्याच्या भाषेत. पोरं सांभाळणं आणि पोरांना शिकवणं ही दोन कामं की एकच, हा जगभरचा जुना वाद त्या एका रकान्यात दिसतो.

एक बारीक सूचना. युनेस्कोच्या तक्त्यांत तीन वर्षांखालचं आणि तीन ते शाळाप्रवेश असं वेगवेगळं मोजतात. दोन्हींचे आकडे एकत्र करून कुणी देशांची तुलना करत असेल तर ती पोस्ट पुढे पाठवू नका.

पायरी ३: चार गावं शिका

पद्धतींची यादी पाठ करू नका. चार गावं शिका. माझी चार ही: बाड ब्लांकेनबुर्ग, रोममधलं सान लोरेंझो, रेज्जो एमिलियाजवळचं चेल्ला आणि आपलं कोसबाड.

बाड ब्लांकेनबुर्ग हे जर्मनीतल्या थुरिंगियातलं लहान गाव. फ्रीडरिश फ्रोबेलने तिथे १८३७ साली लहान मुलांसाठी खेळ आणि उद्योगाची संस्था काढली आणि १८४०मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्याची साधनं म्हणजे 'भेटी': पहिली भेट लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोल, तिसरी म्हणजे आठ लहान ठोकळ्यांत सुटणारा एक घन. आज आपल्या बालवाडीत ठोकळ्यांचा जो डबा असतो त्याचा पणजोबा हा. १८५१ साली प्रशियाने किंडरगार्टनवर बंदी घातली, नास्तिकपणा आणि समाजवादाच्या संशयावरून. चेंडू आणि ठोकळे घेऊन बसलेल्या पोरांना सरकार घाबरलं! फ्रोबेल पुढच्याच वर्षी गेला; बंदी उठली १८६०मध्ये. तोवर त्याचे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी ते काम दुसऱ्या देशांत घेऊन गेले होते.

सान लोरेंझो ही रोममधली गरीब कामगारांची वस्ती. आईबाप दिवसभर कामाला आणि मुलं जिन्यांत, भिंती खराब करत. इमारतींच्या मालकांना भिंतींची काळजी, म्हणून त्यांनी एक खोली दिली आणि डॉक्टर असलेल्या मारिया मॉन्टेसरींना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ला तिथे पहिलं बालगृह सुरू झालं. म्हणजे मॉन्टेसरीच्या मुळाशी श्रीमंतांची हौस नाही, चाळीतली मोकाट पोरं आहेत. हे कळलं की वर्षाला लाखभर फी घेणाऱ्या पाट्या बघून जरा हसू येतं.

मॉन्टेसरींची एक गोष्ट मी प्रत्येक शिबिरात सांगते. एके दिवशी त्यांनी मुलांना नाक शिंकरायचं कसं ते दाखवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं शिंकरायचं, अगदी सावकाश. मुलं गप्प राहून बघत होती आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेंबूड म्हटलं की मोठी माणसं रागावतात नाहीतर हसतात. ते नीट करायचं कसं हे तोवर कुणी दाखवलंच नव्हतं. त्यांच्या साधनांतल्या गुलाबी मनोऱ्याचे एक ते दहा सेंटिमीटरचे दहा ठोकळे विकत घेता येतात. हा नाकाचा धडा फुकट आहे आणि माझ्या मते तोच जास्त मॉन्टेसरी आहे.

बरं, पाटीचं काय? 'मॉन्टेसरी' हे नाव कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही. अमेरिकेत १९६७ साली त्यावर वाद झाला आणि ते सर्वसामान्य नाव ठरलं. त्यामुळे पाटीवर जाऊ नका, आत जाऊन बघा: वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र आहेत का, आपलं काम मूल स्वतः निवडतं का, मध्येच घंटा वाजवून ते तोडतात का.

हे नाव आपल्याकडे रुजलं त्यात महायुद्धाचाही हात आहे. मॉन्टेसरी १९३९मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि युद्धात इटली इंग्रजांविरुद्ध उतरल्यावर इथेच अडकल्या. मुलगा मारिओ काही काळ नजरकैदेत होता. अड्यार आणि कोडाईकनालमध्ये त्यांनी शेकडो भारतीय शिक्षकांना शिकवलं आणि १९४६मध्ये त्या युरोपला परतल्या.

चेल्ला. एप्रिल १९४५, उत्तर इटलीतलं युद्ध नुकतंच संपलेलं. गावकऱ्यांनी पळालेल्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही लॉऱ्या आणि घोडे विकले आणि त्या पैशांत बालवाडी बांधायला घेतली. बाँबने पडलेल्या घरांच्या विटा वेचून वापरल्या. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक हे ऐकून सायकलवर बघायला गेला आणि पुढे आयुष्यभर त्याच कामात राहिला. रेज्जो एमिलियाच्या नगरपालिकेची पहिली बालवाडी १९६३ची. तिथे प्रत्येक बालवाडीत चित्र-मातीकामाची वेगळी खोली आणि त्या कामातला जाणकार माणूस असतो, आणि मुलं काय बोलली, काय केलं याच्या नोंदी भिंतीवर लागतात. ही पद्धत नव्हे असं ते लोक स्वतःच सांगतात. त्यामुळे 'रेज्जो किट' विकायला कुणी आलं तर चहा पाजा आणि परत पाठवा.

कोसबाड शेवटी घेतलं कारण ते आपलं आहे म्हणून आपण वगळतो. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरीची तत्त्वं गुजरातीत उतरवत होत्या. गिजुभाईंचं बालमंदिर १९२०चं, दोघांचा नूतन बाल शिक्षण संघ १९२६चा. १९४५मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या, खेड्यात काम करायला. अनुताई वाघही तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. आणि शहरातली सगळी गणितं बोर्डीत चुकली. परदेशी साधनं परवडेनात, तेव्हा शंख, शिंपले, बिया, पानं, बांबू हीच साधनं झाली. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी.

१९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेलं. तिथे अजून वेगळा पेच: मोठी मुलं गुरं राखायला जायची, तेव्हा शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, ती शाळेत यायची तर त्याचं काय? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली, विकासवाडी. प्रत्येक नाव एका अडचणीचं उत्तर आहे. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रं आहेत. रेज्जोबद्दल भरभरून बोलणाऱ्या आणि कोसबाड कुठल्या जिल्ह्यात ते न सांगता येणाऱ्या पुष्कळ ताया मला भेटल्यात. पालघर.

ही चार गावं पक्की झाली की हवं तेवढं पुढे जा: लंडनच्या डेप्टफर्डमध्ये मॅकमिलन बहिणींनी १९१४मध्ये काढलेली उघड्यावरची बालवाडी, चीनमधल्या आंजीची शिड्या, फळ्या आणि पिंपांची खेळघरं. पण आधी चार.

पायरी ४: व्हिडिओ बघा, आवाज बंद करून

व्हिडिओ बघू नका असं नाही म्हणत. पण निवेदकाचा गोड आवाज आपल्याला काय बघायचं ते सांगत असतो. आवाज बंद करा आणि पायरी १सारखी नोंद करा. कोण कुणाकडे बघतंय? मोठं माणूस उभं आहे की बसलेलं? भांडण झालं तर पहिली हालचाल कोणाची?

हे बघणं कसं असावं त्याचा उत्तम नमुना अमेरिकी संशोधक जोसेफ टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १९८०च्या दशकात त्यांनी जपान, चीन आणि अमेरिका इथल्या बालवाड्यांतला एकेक दिवस चित्रित केला आणि ती चित्रफीत तिन्ही देशांतल्या शिक्षकांना दाखवली. जपानच्या चित्रफितीत एक मुलगा दिवसभर उच्छाद मांडतो, इतरांना त्रास देतो, खेळायचे पत्ते वरून खाली फेकतो. ताई मध्ये पडत नाही. तक्रार घेऊन आलेल्या मुलीला ती म्हणते, तुम्हीच काहीतरी करा. अमेरिकी शिक्षकांना हा हलगर्जीपणा वाटला. जपानी शिक्षकांचं म्हणणं असं की मी मध्ये पडले तर ती पोरं एकमेकांना सांभाळायला कधी शिकणार?

आणि वर्गात मुलं किती? जवळपास तीस. तिथल्या शिक्षकांना ती अडचण वाटत नव्हती. मुलं कमी असली तर सारखी ताईलाच चिकटतात, असं त्यांचं मत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून फेऱ्या मारल्या होत्या, कारण फिनलंडमध्ये तीन वर्षांवरच्या सात मुलांमागे एक मोठं माणूस लागतं आणि मी तोच आकडा सोन्याचा धरून बसले होते. अर्थात याचा उपयोग करून "बघा, तीस मुलं एका सेविकेला झेपतात" असं कुणी म्हणू नये. जपानी मुलं घरून आणि शेजारातून जी शिस्त घेऊन येतात ती त्या आकड्यात धरलेली नाही, आणि जपान सरकारनेही २०२४मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी ३० चा आकडा २५ वर आणला.

पायरी ५: मूळ दस्तऐवज वाचा

दुसऱ्याने काढलेले मुद्दे वाचण्यापेक्षा एका देशाचा बालशिक्षणाचा अधिकृत आराखडा सावकाश वाचलेला बरा. तो बहुतेक देशांच्या सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतो. इंग्रजी कच्चं असेल तर फोनमधलं भाषांतर चालेल, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा.

पहिला वाचायला न्यूझीलंडचा 'ते फारिकी' घ्या. १९९६चा, २०१७मध्ये सुधारलेला. माओरी भाषेत फारिकी म्हणजे विणलेली चटई. चार तत्त्वं आणि पाच धागे एकमेकांत विणायचे आणि त्यावर मूल, घर, ताई सगळ्यांनी उभं राहायचं, अशी कल्पना. पाच धाग्यांत गणित, भाषा अशी विषयांची नावं सापडणार नाहीत. 'आपण इथले आहोत असं वाटणं' हा त्यातला एक धागा आहे. आपल्या प्रगतिपुस्तकात त्याला रकाना आहे का बघा.

या चटईमागेही अडचण आहेच. माओरी मुलांच्या तोंडून माओरी भाषा नाहीशी होत चालली होती. तेव्हा १९८२मध्ये 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, सुरू झाली. आजी-आजोबांनी मुलांशी फक्त माओरीत बोलायचं. इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीसाठी घरात मराठी बंद करणारे आईबाप मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी ही घरट्यांची गोष्ट सांगते. काहींना पटते.

यानंतर आपला २०२२चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा वाचा. या क्रमाने वाचला तर तो कंटाळवाणा वाटत नाही.

पायरी ६: आकडा आला की तीन प्रश्न

"बालशिक्षणावर एक रुपया घातला की सात परत येतात" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. ते मुख्यतः अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावच्या पेरी प्रकल्पातून आलं. १९६२ ते १९६७. तीन प्रश्न विचारा.

किती मुलं? १२३, सगळी गरीब कृष्णवर्णीय घरांतली. त्यातली ५८ बालवाडीत, ६५ तुलनेसाठी बाहेर. नेमकं दिलं काय? पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक, आणि दर आठवड्याला शिक्षक मुलाच्या घरी दीड तास. मोजलं कधी? ती मुलं चाळिशीची होईपर्यंत आणि त्यानंतरही. कमाई, तुरुंग, घर असं सगळं मोजलं.

म्हणजे प्रकल्प खोटा नाही, फार मोलाचा आहे. पण भाषणात सात रुपये सांगतात आणि ती घरभेट गाळतात. उलट बाजूने कॅनडातल्या क्विबेकचं उदाहरण वहीत ठेवा. १९९७मध्ये तिथे दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर मिळू लागलं. मुलांच्या आईंना नोकरी करता आली, हा मोठा फायदा. पण पुढच्या अभ्यासात मुलांमधली चिंता आणि आक्रमकपणा सरासरीने वाढलेला दिसला. जागा भराभर वाढवल्या की आत काय चाललंय ते वेगळं बघावं लागतं.

आणि सेविकांसाठी माझं सगळ्यात लाडकं उदाहरण जमैकाचं. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली १२९ खुरटलेली बालकं, १९८०चं दशक. काही घरांत आठवड्याला एकदा आरोग्यसेविका जायची, तासभर, दोन वर्षं. हातात टाकाऊ वस्तूंची खेळणी. आईला दाखवायची, बाळाशी बोलायचं कसं, खेळायचं कसं. ती बालकं २२ वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. इमारत नाही, गणवेश नाही. गृहभेटीच्या रजिस्टरवर सही करताना हे आठवा.

पायरी ७: फोन लावा, पण प्रश्न नीट विचारा

आता प्रत्येक वाडीतलं कुणी ना कुणी परदेशात आहे. त्यांना "तिकडे बालवाडी कशी असते?" असं विचारू नका. उत्तर "खूप छान" एवढंच येतं, नाहीतर "फार महाग". मी असे चार फोन वाया घालवले. मग एक प्रश्न सापडला: काल दुपारी साडेबाराला तुझं मूल काय करत होतं?

या प्रश्नाला सगळे खरं उत्तर देतात, कारण आठवून द्यावं लागतं. माझी भाची फिनलंडमध्ये राहते, मुलगी चार वर्षांची. ती म्हणाली, "थांब, आठवते. जेवण झालं असणार. सकाळी पाऊस होता तरी बाहेर होती, कारण चिखलाची रबरी विजार ओली घरी आली. म्हणजे साडेबाराला झोपायच्या खोलीत. झोप नाही आली तरी पडून राहायचं, ताई गोष्ट वाचते." पुढे आपोआप कळत गेलं: पावसात बाहेर जातात म्हणून प्रत्येक मुलाला तसे कपडे लागतात, ते वाळवायला खास कपाटं असतात, फी घराच्या उत्पन्नावर ठरते, शाळा सातव्या वर्षी आणि त्याआधीचं एक वर्ष २०१५पासून सक्तीचं. पुस्तकात हे सगळं आहे. पण ओली विजार पुस्तकात नाही.

असे तीन देश, तीन घरं झाली की वहीतली पानं एकमेकांशी बोलायला लागतात. मगच आपल्या वर्गात एखादी गोष्ट करून बघा. एकच, महिनाभर. साधन आणू नका, सवय आणा. मी जपानकडून भांडणात दहापर्यंत मोजून मग उठायचं एवढंच घेतलं. पहिला आठवडा कठीण गेला, एकदा सहालाच उठले. न्यूझीलंडकडून घेतलं ते महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाची एक लहान गोष्ट लिहून आईला वाचून दाखवणं. त्यात "काय येत नाही" लिहायचं नाही, काय केलं ते लिहायचं. एका आईने तो कागद देवघरात ठेवला आहे.

भाचीने मात्र त्या फोनच्या शेवटी मलाच धरलं. "मावशी, तुमच्याकडे साडेबाराला काय असतं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि अडखळले. वीस मिनिटांच्या इतक्या नोंदी केल्या, पण सगळ्या सकाळच्या. साडेबाराला मी हिशेब लिहीत असते. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ओट्यावर बसले. १२.३० खिचडी संपलेली. चौघं ताटल्या घासायला नळावर, खरं म्हणजे पाण्यात खेळायला. दोघी दारात, चपला जुळवतात: लहान लहानीला, मोठी मोठीला, मग सगळ्या विस्कटून पुन्हा. एक पोरगा खांबाला टेकून झोपलाय, हातात अर्धा चिंचोका. १२.३४ आजी आली. तीच, तांदूळ वेचणारी. चपलांच्या रांगेसमोर उभी राहिली, आपली वहाण काढली आणि रांगेच्या टोकाला ठेवली. दोघी पोरींनी बघितलं, आणि ती उचलून मोठ्यांच्या बाजूला नेली.